परकीय लष्करी ताबा वाटाघाटींनी संपतो का? नामिबियाचा दाखला

विचारलेला प्रश्न असा आहे: एखाद्या प्रदेशावर परक्या देशाचे सैन्य ठाण मांडून बसले असेल, तर राजनैतिक प्रयत्नांनी ते खरोखर बाहेर पडते का, की संयुक्त राष्ट्रांचे ठराव कागदावरच राहतात आणि निकाल शेवटी रणांगणावरच लागतो?

माझ्या नोकरीचा बहुतेक काळ शांतता-मोहिमांचे आदेश, शस्त्रसंधीचे मसुदे आणि त्यांची कलमे तपासण्यात गेला आणि त्यानंतर मी हाच विषय शिकवत आलो आहे. त्या आधारावर माझे उत्तर असे की, वाटाघाटींमुळे सैन्य हुसकावले जात नाही. ताबा ठेवणे परवडेनासे झाले की सैन्य निघते आणि ते परवडेनासे होण्यामागे लढाई, पैसा, शस्त्रांचा तुटवडा, मित्रदेशांची बदललेली नजर आणि घरातला असंतोष अशी अनेक कारणे असतात. मात्र ती वेळ येईल तेव्हा निघण्याची वाट आधीच आखलेली, सर्व पक्षांनी मान्य केलेली आणि तोपर्यंत कोणी न मोडलेली असावी लागते. तशी वाट तयार नसेल तर ती वेळ निघून जाते, किंवा सैन्य जाते आणि मागे यादवी उरते. वाट आखणे आणि ती जपून ठेवणे हे राजनयाचे काम आहे. या कामाचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण नामिबियाचे आहे. तिथल्या स्वातंत्र्याची योजना सुरक्षा परिषदेने सप्टेंबर 1978 मध्ये मंजूर केली आणि तिची अंमलबजावणी एप्रिल 1989 मध्ये सुरू झाली. मधली साडेदहा वर्षे तो ठराव ‘कागदावरच’ होता. तरीही स्वातंत्र्य आले ते त्याच कागदाच्या आधाराने.

पार्श्वभूमी थोडी पाहावी लागेल, कारण पुढचा सगळा डाव तिच्यावर उभा आहे. नैर्ऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, ही जर्मनीची वसाहत होती. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने ती जिंकली आणि 1920 मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, तो प्रदेश विश्वस्त म्हणून सांभाळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या हवाली केला. विश्वस्ताला मालक व्हायचे होते. 1946 साली दक्षिण आफ्रिकेने हा प्रदेश आपल्यात विलीन करण्याची परवानगी संयुक्त राष्ट्रांकडे मागितली आणि आमसभेने ती नाकारली. हा नकार त्या वेळी कोणाला फार मोठा वाटला नसेल, पण त्यामुळे एक गोष्ट कायमची ठरून गेली: हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेचा अंतर्गत मामला नाही. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आमसभेत नेला होता आणि त्या देशाशी व्यापारही बंद केला होता. तेव्हा दिल्ली या वादात पहिल्यापासून होती.

पुढची वीस वर्षे न्यायालयाच्या वाटेने गेली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1950 मध्ये सांगितले की राष्ट्रसंघ संपला तरी विश्वस्ताची बंधने संपलेली नाहीत. इथिओपिया आणि लायबेरिया यांनी 1960 मध्ये रीतसर दावा दाखल केला. तो जुलै 1966 मध्ये, न्यायाधीशांची मते समसमान पडल्यावर अध्यक्षांच्या निर्णायक मताने, या दोन देशांचा त्यात कायदेशीर हितसंबंध नाही एवढ्याच कारणावर निकाली काढण्यात आला. आफ्रिकेत या निकालाने फार संताप उसळला. पाच-सहा आठवड्यांत, 26 ऑगस्ट 1966 रोजी, स्वापो या मुक्तिसंघटनेने सशस्त्र लढा सुरू केला आणि ऑक्टोबरमध्ये आमसभेने दक्षिण आफ्रिकेचा विश्वस्ताधिकारच रद्द केला. त्यानंतर तिथे असलेले सैन्य हे निव्वळ ताबा करून बसलेले सैन्य होते. 21 जून 1971 रोजी न्यायालयाने तेही शब्दांत मांडले: दक्षिण आफ्रिकेची उपस्थिती बेकायदा आहे, ती तिने ताबडतोब संपवावी आणि इतर देशांनी त्या उपस्थितीला मान्यता देणारा कोणताही व्यवहार करू नये.

या मताने एकही सैनिक हलला नाही. त्याचे मोल दुसऱ्या ठिकाणी होते. पुढे दक्षिण आफ्रिकेने आपल्या पसंतीच्या पुढाऱ्यांना बोलावून राजधानी विंडहुकच्या टर्नहॉल इमारतीत घटना-परिषद भरवली, डिसेंबर 1978 मध्ये स्वतःच निवडणूक घेतली, 1985 मध्ये एक अंतरिम सरकारही बसवले. पण यांतल्या कशालाही जगात मान्यता मिळाली नाही. ताबा घेणाऱ्याची खरी गरज काळाने आपला ताबा पचनी पडावा ही असते. वर्षे गेली, लोक विसरले, दूतावास उघडले, व्यापार सुरू झाला, की ताब्याची सरहद्द होते. बेकायदेशीरपणाची नोंद जिवंत ठेवली तर हा मार्ग बंद राहतो. ठरावांची थट्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण ज्या लोकांचा देश गेलेला असतो त्यांच्यासाठी ही नोंद अनेकदा एकमेव ठेव असते.

मराठी वाचकाला इथे गोवा आठवेल आणि आठवावाच. गोव्याबाबत 1947 नंतर भारताने वाटाघाटींचे प्रयत्न केले, पण गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे, त्यामुळे बोलण्यासारखे काही नाही, अशी सालाझार यांच्या राजवटीची भूमिका होती. लिस्बनमधली वकिलात भारताने 1953 मध्ये बंद केली आणि अखेर डिसेंबर 1961 मध्ये लष्करी कारवाई झाली. फरक कुठे होता हे नीट पाहायला हवे. गोव्यात पोर्तुगालने कधीही कोणत्याही कागदावर ‘हा प्रदेश आम्ही दुसऱ्यांसाठी सांभाळतो आहोत’ असे लिहून दिलेले नव्हते; दक्षिण आफ्रिकेने राष्ट्रसंघापुढे ते लिहून दिलेले होते. वाटाघाटीला आधार लागतो. तो नसेल आणि समोरचा विषयच मान्य करत नसेल, तर कौशल्य कितीही असले तरी उपयोगी पडत नाही.

गोव्याचा आणि नामिबियाचा एक प्रत्यक्ष धागाही आहे. एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमध्ये सत्तापालट झाला. त्या नव्या पोर्तुगालने वर्षअखेरीस भारताशी करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि नोव्हेंबर 1975 मध्ये अंगोला सोडला. अंगोला नामिबियाच्या उत्तरेला लागून आहे. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेला त्या बाजूने पोर्तुगीज सैन्याचे संरक्षण होते. आता तिथे स्वापोला आश्रय देणारे सरकार आले, दक्षिण आफ्रिकेचे सैन्य अंगोलात घुसले आणि त्याला अडवायला क्यूबाचे सैन्य आले. पुढची तेरा वर्षे नामिबियाचा प्रश्न या युद्धात अडकून पडला.

आता मूळ योजनेकडे येतो. जानेवारी 1976 च्या ठराव क्र. 385 ने संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली व नियंत्रणाखाली निवडणूक व्हावी एवढे तत्त्व सांगितले होते. 1977 मध्ये सुरक्षा परिषदेत असलेल्या पाच पाश्चात्त्य देशांनी, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि कॅनडा यांनी, एक संपर्क गट केला आणि प्रिटोरिया (म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे सरकार), स्वापो व शेजारची आफ्रिकी राष्ट्रे यांच्यात फेऱ्या मारून एप्रिल 1978 मध्ये एक प्रस्ताव तयार केला. त्यांचे हेतू शुद्ध होते असे मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेवर सक्तीचे आर्थिक निर्बंध घालण्याची मागणी जोर धरत होती आणि ती टाळण्याचा हा एक मार्ग होता. पण मसुदा उत्तम होता. सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी फिनलंडचे मार्ती अहतिसारी यांना विशेष प्रतिनिधी नेमले, त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली आणि त्या अहवालावर 29 सप्टेंबर 1978 रोजी ठराव क्र. 435 मंजूर झाला: बाजूने 12, विरुद्ध कोणी नाही, सोव्हिएत संघ व चेकोस्लोव्हाकिया तटस्थ, चीनने मतदानात भाग घेतला नाही. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता आणि त्याने बाजूने मत दिले.

या योजनेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. निवडणूक दक्षिण आफ्रिकेने नेमलेला प्रशासकच घेणार होता, म्हणजे ताबेदाराला ‘आम्हीच सन्मानाने सोपवून निघालो’ असे घरी सांगता येणार होते. मात्र प्रत्येक टप्प्यावर प्रक्रिया न्याय्य असल्याची संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीची खात्री पटल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होणार नव्हता. दक्षिण आफ्रिकेचे सैन्य बारा आठवड्यांत 1500 पर्यंत उतरायचे होते, ते 1500 जण ग्रूटफॉन्टेन व ओशिवेलो या तळांच्या बाहेर पडणार नव्हते आणि निकाल प्रमाणित झाल्यावर आठवडाभरात तेही जाणार होते. राजकीय कैद्यांची सुटका, भेदभावाचे कायदे रद्द करणे, निर्वासितांचे परतणे हे मतदानाच्या आधी व्हायचे होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीनंतर होईल हे ठरलेले होते. फक्त पहिला दिवस कोणता हे ठरायचे होते. त्यामुळे राजकीय संमती मिळताच घड्याळ सुरू करणे शक्य झाले.

एक विषय योजनेत मुद्दाम घेतला नव्हता. वॉल्व्हिस बे हे या किनाऱ्यावरचे एकमेव खोल पाण्याचे बंदर. त्यावर दक्षिण आफ्रिका वेगळ्या ऐतिहासिक कारणाने, म्हणजे ते जर्मनांचे नसून ब्रिटिशांचे होते म्हणून, हक्क सांगत होती. सुरक्षा परिषदेने ते नामिबियाचाच भाग व्हावे असे स्वतंत्र ठराव क्र. 432 मध्ये नोंदवले आणि 435 मधून ते बाहेर ठेवले. स्वापोच्या अनेकांना हा दगा वाटला. मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि का ते शेवटी सांगतो.

ही योजना लागू करण्यासाठी 1981 मध्ये जिनिव्हात भरलेली बैठक फसली. अमेरिकेत रेगन प्रशासन आले आणि त्यांचे आफ्रिकाविषयक सहायक परराष्ट्रमंत्री चेस्टर क्रॉकर यांनी नवी अट पुढे केली: क्यूबाचे सैन्य अंगोलातून जाईल तेव्हाच दक्षिण आफ्रिका नामिबिया सोडेल. ही सांगड 435 मध्ये कुठेही नव्हती, आफ्रिकी देशांनी व भारताने तिला विरोध केला आणि फ्रान्सने 1983 अखेरीस संपर्क गटाच्या कामातून अंग काढून घेतले. एका देशाच्या लोकांचे स्वातंत्र्य तिसऱ्या देशाच्या सैन्याच्या हालचालीला बांधणे मला आजही असमर्थनीय वाटते. त्या वर्षांत अंगोलात आणि उत्तर नामिबियातल्या ओव्हाम्बोलँडमध्ये जी माणसे मेली त्यांचा काही भार या सांगडीवर आहे. तेवढ्याच प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की अखेर जेव्हा प्रिटोरिया निघाली, तेव्हा आपल्या मतदारांना दाखवायला तिच्या हातात क्यूबाची माघार होती.

त्या दशकात दृष्टीआड बरेच काम झाले. 1982 मध्ये घटनेची मूलतत्त्वे ठरली आणि त्यांत घटनासमितीने दोनतृतीयांश बहुमतानेच घटना मंजूर करावी ही अट आली. आमसभेने स्वापोला नामिबियन जनतेची एकमेव अधिकृत प्रतिनिधी मानले असल्यामुळे संयुक्त राष्ट्रे पंचाचे काम कशी करणार, हा दक्षिण आफ्रिकेचा आक्षेप होता. त्यावर अंमलबजावणी सुरू होताच स्वापोला मिळणारी विशेष मदत व व्यासपीठ थांबेल, अशी समजूत ठरली. 1985 मध्ये निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने होईल हेही मान्य झाले. दक्षिण आफ्रिकेने एकेक सबब पुढे करायची आणि सरचिटणीसांच्या कार्यालयाने तिचे उत्तर शोधून ठेवायचे, असे ते चालले होते. वाल्डहाइम यांच्यानंतरचे सरचिटणीस हाविएर पेरेझ द क्वेयार 435 ची एकही ओळ बदलू देत नव्हते. हा चिवटपणा बातमीचा विषय होत नाही, पण या व्यवसायातले खरे कसब मी त्यालाच मानतो. भारतानेही आपल्या परीने स्वापोला उभे केले. 1986 मध्ये तिला दिल्लीत दूतावासाचा दर्जा देण्यात आला.

वेळ आली ती 1987-88 मध्ये. दक्षिण अंगोलातल्या क्यूटो क्वानावाले भोवती दक्षिण आफ्रिकेची आगेकूच अडली. क्यूबाने जादा फौज आणून नामिबियाच्या सीमेकडे सरकवली आणि 27 जून 1988 रोजी कालुएके धरणाजवळच्या चकमकीत व हवाई हल्ल्यात दक्षिण आफ्रिकेचे गोरे तरुण शिपाई मारले गेले. हे तरुण सक्तीच्या भरतीतले होते आणि घरी त्यांची संख्या मोजली जात होती. इथे एक जुना कागद कामी आला: नोव्हेंबर 1977 च्या ठराव क्र. 418 ने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रविक्री सक्तीने बंद केली होती. दहा वर्षांनंतर तिची लढाऊ विमाने जुनी झाली होती, त्यांच्या जागी नवी मिळत नव्हती आणि समोर अंगोलाकडे सोव्हिएत मिग-23 होती. 1985 मध्ये परदेशी बँकांनी कर्जे थांबवली होती, 1986 मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला होता. दुसऱ्या बाजूला गोर्बाचोव्ह यांच्या मॉस्कोलाही हे महागडे युद्ध नको झाले होते. म्हणजे रणांगण आणि राजनय असे दोन वेगळे रस्ते नव्हतेच. लढाईचा निकाल ज्या परिस्थितीत लागला ती घडवण्यात एका शस्त्रबंदीच्या ठरावाचा वाटा होता.

मे 1988 मध्ये लंडनला अंगोला, क्यूबा व दक्षिण आफ्रिका प्रथमच एका टेबलाशी बसले. क्रॉकर मध्यस्थ होते आणि सोव्हिएत अधिकारी निरीक्षक म्हणून जवळपास होते. कैरो, न्यूयॉर्क, जिनिव्हा, ब्राझाव्हिल अशा फेऱ्या झाल्या, ऑगस्टमध्ये युद्ध थांबले आणि 22 डिसेंबर 1988 रोजी न्यूयॉर्कमध्ये करार झाला: 1 एप्रिल 1989 पासून 435 ची अंमलबजावणी आणि क्यूबाच्या 50,000 सैनिकांची 27 महिन्यांत टप्प्याटप्प्याने माघार. संयुक्त राष्ट्रांचे नामिबियासाठीचे आयुक्त बर्न्ट कार्लसन या स्वाक्षरी-समारंभाला निघाले असताना आदल्या दिवशी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी येथे पाडल्या गेलेल्या विमानात मृत्यू पावले. नामिबियासाठी वाहून घेतलेल्या या माणसाला तो दिवस दिसला नाही, याची चुटपुट या क्षेत्रातल्या अनेकांना आजही आहे.

या त्रिपक्षीय वाटाघाटींत स्वापो नव्हती. ही उणीव पहिल्याच दिवशी रक्त सांडून गेली.

त्याआधी एक दुसरी चूक झाली होती. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांना खर्च कमी हवा होता, म्हणून योजना राबवायला संयुक्त राष्ट्रांचे 7500 ऐवजी 4650 सैनिक पाठवायचे ठरले. अलिप्त राष्ट्रांनी त्याला विरोध केला. या वादात ठराव क्र. 632 मंजूर व्हायला 16 फेब्रुवारी उजाडला आणि अंदाजपत्रक 1 मार्चला संमत झाले. खरेदी व वाहतूक त्यानंतरच सुरू होऊ शकत होती. लष्करी तुकडीचे प्रमुख भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद होते. काँगोमधल्या कटांगा मोहिमेचा आणि सायप्रसचा अनुभव असलेले हे अधिकारी 1 एप्रिलच्या पहाटे विंडहुकमध्ये होते, पण उत्तर सीमेवर पाठवायला त्यांच्याकडे फौजच नव्हती. त्याच पहाटे स्वापोचे शेकडो सशस्त्र लढवय्ये अंगोलातून सीमा ओलांडून आले. आपण संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली देशातच तळ करण्यासाठी आलो, असे स्वापोचे म्हणणे होते. योजनेप्रमाणे त्यांचे तळ अंगोला व झांबियातच राहायचे होते, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे होते आणि मजकुरावरून पाहता ते बरोबर होते. दक्षिण आफ्रिकेने सारी योजना मोडण्याची धमकी दिली. अहतिसारी यांनी तळांवर थांबलेल्या तिच्या काही तुकड्यांना बाहेर पडण्याची मर्यादित मुभा दिली. पुढच्या नऊ दिवसांत स्वापोचे 300 हून अधिक लोक मारले गेले.

त्या निर्णयासाठी अहतिसारी यांच्यावर आफ्रिकेत फार कठोर टीका झाली. त्यांच्या हाती फौज असती तर हा प्रसंगच आला नसता, आणि फौज वेळेवर न येण्याला न्यूयॉर्कमधली पैशाची घासाघीस जबाबदार होती, असे माझे ठाम मत आहे. शांतता-मोहिमेत पहिल्या दिवसाची काटकसर सर्वांत महाग पडते. 9 एप्रिलला माउंट एत्यो येथे अंगोला, क्यूबा व दक्षिण आफ्रिका यांच्या संयुक्त आयोगाने तोडगा काढला: स्वापोच्या लढवय्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या ठाण्यांवर यावे किंवा सरळ परत जावे आणि 16 व्या अक्षांशाच्या उत्तरेला राहावे, त्यांना सुरक्षित वाट मिळेल. ठाण्यांवर फार थोडे आले, बहुतेक जण आपले आपण परतले. मेच्या मध्यापर्यंत वेळापत्रक पुन्हा रुळावर आले. करारात वाद मिटवायला एक कायमचा आयोग ठेवलेला होता, म्हणूनच हे साधले.

पुढचे भांडण पोलिसांवरून झाले. सैन्य तळावर गेले तरी ‘कूवूट’ हे दहशत पसरवणारे बंडखोरविरोधी दल नावाला पोलिसांत सामावून घेतले होते आणि त्यांच्या चिलखती गाड्या खेड्यांतून फिरत होत्या. ताबा फक्त लष्करी गणवेशात नसतो, ही गोष्ट 1978 च्या मसुद्यात पुरेशी धरलेली नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी आपले पोलीस 500 वरून अखेर 1500 पर्यंत वाढवले, ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्र. 640 द्वारे ते दल मोडण्याची मागणी केली आणि सप्टेंबरअखेरपासून ते टप्प्याटप्प्याने मोडले गेले. निवडणूक कायद्याच्या मसुद्यावरही प्रशासक लुई पिनार आणि अहतिसारी यांच्यात आठवडेच्या आठवडे ओढाताण झाली, कारण मतपत्रिकेची गुप्तता व मोजणीची पद्धत संशयास्पद वाटत होती. कायदा बदलून घेतल्यावरच अहतिसारी पुढे गेले. ‘खात्री पटल्याशिवाय पुढचा टप्पा नाही’ हे 1978 मधले वाक्य इथे उपयोगी पडले.

1 नोव्हेंबरला, मतदानाला आठवडा उरला असताना, दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री पिक बोथा यांनी स्वापोचे सशस्त्र गट पुन्हा सीमेवर जमत असल्याचे जाहीर केले आणि पुरावा म्हणून संयुक्त राष्ट्रांचेच संदेश पकडल्याचे सांगितले. या वेळी उत्तरेत प्रेमचंद यांची माणसे होती. त्यांनी लगेच तपासले, असे काही नाही हे कळवले. ते संदेश बनावट निघाले. एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये फरक पडला तो जागेवर स्वतःचे डोळे असण्याचा.

7 ते 11 नोव्हेंबर 1989 या दिवसांत मतदान झाले. सात लाखांवर नोंदलेल्या मतदारांपैकी 97 टक्क्यांहून अधिकांनी मत दिले. स्वापोला 72 पैकी 41 जागा मिळाल्या, म्हणजे बहुमत होते पण दोनतृतीयांशाला लागणाऱ्या 48 नव्हत्या. 1982 मधली ती अट आता कामाला आली: सर्वांना बरोबर घेणे भाग पडले आणि 9 फेब्रुवारी 1990 रोजी घटना एकमताने मंजूर झाली. दक्षिण आफ्रिकेचे उरलेले सैनिक नोव्हेंबरमध्येच गेले होते. 21 मार्च 1990 रोजी नामिबिया स्वतंत्र झाला आणि स्वापोचे नेते सॅम नुजोमा राष्ट्राध्यक्ष झाले.

हे यश किती विरळ आहे हे त्याच काळातल्या दोन उदाहरणांवरून कळते. 14 एप्रिल 1988 च्या जिनिव्हा करारानुसार सोव्हिएत सैन्य 15 फेब्रुवारी 1989 पर्यंत अफगाणिस्तानातून ठरल्याप्रमाणे गेले. संयुक्त राष्ट्रांचे दिएगो कोर्दोवेझ यांनी सहा वर्षे वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या पक्षांमध्ये ये-जा करून तो करार जुळवला होता. पण मागे काबूलमध्ये सत्ता कोणाची, हा प्रश्न करारात नव्हता. मुजाहिदीन त्याचे पक्षकार नव्हते आणि दोन्ही बाजूंना शस्त्रे मिळतच राहिली. सैन्य गेले, युद्ध राहिले. पूर्व तिमोरमध्ये उलटे झाले: 5 मे 1999 च्या करारात सार्वमत होते, पण मतदानापर्यंतची सुरक्षा ताबेदार इंडोनेशियाच्याच हाती सोपवली होती. 30 ऑगस्टला 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि त्यानंतर सैन्याच्या छत्राखालच्या टोळ्यांनी डिली शहर जाळले. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचे दल 20 सप्टेंबरला उतरले तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

म्हणून कुठल्याही चालू संघर्षातला मसुदा हाती आला की मी आधी चार गोष्टी शोधतो. मतदान किंवा सत्तांतर होईपर्यंत बंदूक कोणाच्या हातात आहे; ‘माघार’ या शब्दात पोलीस, निमलष्करी दले आणि सल्लागार येतात की नाही; कोण पुढे सरकण्याची परवानगी देतो; आणि ज्यांचा देश आहे ते टेबलाशी आहेत की त्यांच्याविषयी इतर बोलत आहेत. घोषणेतली मोठी वाक्ये मी नंतर वाचतो.

राहिला वॉल्व्हिस बेचा प्रश्न. 1978 मध्ये तो योजनेत घातला असता तर दक्षिण आफ्रिकेला नकाराचे आयते कारण मिळाले असते. बाहेर ठेवला, पण ठराव क्र. 432 मध्ये हक्काची नोंद करून ठेवला, त्यामुळे तो सोडूनही दिला गेला नाही. स्वतंत्र नामिबियाने 1990 नंतर सरकार म्हणून त्यावर बोलणी केली, 1992 मध्ये तिथे संयुक्त प्रशासन आले आणि 1 मार्च 1994 रोजी, दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या सर्ववंशीय निवडणुकीच्या काही आठवडे आधी, ते बंदर व त्यासमोरची बेटे गोळी न झाडता नामिबियाला मिळाली.